अठ्ठावीस पायऱ्यांवरचे थांबे

राष्ट्रीय उद्यानातल्या त्या जुन्या विश्रामगृहाचा जिना अठ्ठावीस पायऱ्यांचा होता, आणि मावशी त्यातली एकेक पायरी गुडघ्यानं ओळखत होत्या. तिसरी कुरकुरते. अकरावी अर्ध्या बोटानं उंच आहे. सुताराचं त्या दिवशी लक्ष नसावं. सतराव्या पायरीशी जिना वळतो, तिथे खिडकी आहे. शेवटच्या पाच पायऱ्या बाकीच्यांएवढ्याच उंच आहेत असं मोजपट्टी सांगते. मावशींचं मत वेगळं होतं.

कागदोपत्री त्यांच्या पदाला लांबलचक नाव होतं, पण आचाऱ्यापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. एकतीस वर्षं काम एकच. आलेल्या पाहुण्याला वर खोलीपर्यंत न्यायचं, खोली दाखवायची, आणि पाहुणा गेला की चादरी काढून खोली पुन्हा उभी करायची. इमारत शंभरीला टेकलेली, सगळी लाकडी, सरकारच्या 'जपायच्या' यादीत असलेली. भिंतीत एक खिळा ठोकायचा तर वरून परवानगी लागे, तिथे लिफ्ट कुठली? सामान मागच्या अंगानं कप्पीवरून वर ओढत. माणसांसाठी कप्पी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मावशींचा उजवा गुडघा कुरबुर करायला लागला. सहा महिन्यांत डावाही त्याला सामील झाला. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. दर वर्षी हंगाम संपताना व्यवस्थापकानं प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक फॉर्म भरून वर पाठवायचा असे. त्यात एक प्रश्न होता: 'कर्मचारी पदाची सर्व कामे मदतीशिवाय करू शकतो काय?' आधीच्या साहेबांना धोबीणबाईंनी आपल्या कमरेचं दुखणं मोकळेपणानं सांगितलं होतं. साहेबांनी तितक्याच मोकळेपणानं फॉर्मवर 'नाही' लिहिलं. पंधरा दिवसांत धोबीणबाईंची मागच्या आवारातली खोली रिकामी झाली, कारण नोकरीबरोबर खोलीही जायची. पूर्ण मुदत भरून निवृत्त होणाऱ्याला मात्र ती हयातभर राहायला मिळे. मावशींच्या मुदतीला सोळा महिने उरले होते.

त्यांना स्वतःला त्या खोलीचं फार कौतुक होतं असं नाही. दहा बाय बारा, वर पत्रा, एका कोपऱ्यात ओल. खोली हवी होती ती नवऱ्यासाठी.

नवरा विश्रामगृहाचा बॉयलर सांभाळायचा. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले तेव्हा मुदतीला सात वर्षं कमी होती, त्यामुळे त्याचा हक्क तिथेच संपला. पण त्या आवारात तो आंधळा वाटत नसे. दारापासून नळ अकरा पावलं, नळापासून बॉयलरची खोली बावीस, तिथून डावीकडे वळलं की सात पावलांवर बाक. एकदा एका पाहुण्यानं त्याला तळ्याची वाट विचारली. त्यानं हात करून वाट दाखवली, वर 'पुढे चिखल आहे, कडेनं जा' असंही बजावलं, आणि पाहुणा आभार मानून गेला. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

तोच माणूस मागे मुलीच्या घरी आठ दिवस राहायला गेला, तर पलंगाच्या कडेवरून हलला नाही. तिथे दर चार पावलांवर काहीतरी आडवं येई, आणि न्हाणीपर्यंत जायला मुलीचा हात धरावा लागे. लेक प्रेमळ, जावई भला, तक्रार करायला जागा नाही. परत आल्यावर तो आधी नळापर्यंत अकरा पावलं चालून आला आणि मग पाणी प्यायला. तेव्हाच मावशींनी मनाशी ठरवलं होतं, काय वाटेल ते झालं तरी ही खोली सोडायची नाही. गुडघ्यांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी युक्ती काढली. एका दमात जिना चढवत नव्हता, आणि पाहुण्यासमोर मध्येच धापा टाकत उभं राहणं शक्य नव्हतं. तेव्हा थांबायचं, पण थांबल्यासारखं दिसू द्यायचं नाही.

नवव्या पायरीवर त्या वळून पाहुण्याकडे तोंड करत आणि कठड्यावर हात ठेवून सांगत की बूट खोलीत गेल्या गेल्या काढा, मऊ सपाता घाला. हे लाकूड आवाज पलीकडे पोचवतं. तुम्ही पाणी प्यायला उठलात की शेजारच्याला तुमची पावलं मोजता येतात. एवढं बोलेपर्यंत पहिली कळ ओसरलेली असे. सतराव्या पायरीशी, खिडकीपाशी, त्या सांगत की हरणं बघायची तर सकाळी साडेसहाच्या आत इथे येऊन उभे राहा. खोल्यांतून नुसती झाडं दिसतात, तळं फक्त इथून दिसतं. पडदा खसकन ओढायचा नाही, बोटानं हळू सारायचा. इथे दम खायला चांगला वेळ मिळे, कारण प्रत्येक पाहुणा लगेच वाकून बघायचाच. तेविसाव्या पायरीवर त्या बोट वर करून म्हणत, ऐका. पाहुणा कान देई, आणि तेवढा वेळ मावशी गप्प उभ्या राहत. मग सांगत की संध्याकाळी गारवा पडला की लाकूड आकसतं, टकटक आवाज होतो. कुणी दार वाजवत नसतं, उगाच उठू नका. उरलेल्या पाच पायऱ्यांवर सांगण्यासारखं काही नव्हतं, त्या दात आवळून चढाव्या लागत.

खोलीत गेल्यावरचं सांगणं आणखी वेगळं. किल्ली आधी अर्धी उलटी फिरवायची, मग सुलटी. गरम पाणी यायला सहा मिनिटं लागतात, नळ पुन्हा पुन्हा बंद करून बघू नका. दुसरं पांघरूण लागणार असेल तर आठच्या आत मागा, नंतर कोठीला कुलूप लागतं. खिडकीत खायचं काही ठेवू नका, नाहीतर ते तुमचं राहत नाही.

उतरण्याचाही बंदोबस्त त्यांनी केला होता. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त छळतं. त्या जिन्याकडे तोंड करून, उलट्या, एकेक पायरी उतरत आणि हातातल्या फडक्यानं कठडा पुसत येत. बघणाऱ्याला वाटे, बाई किती मन लावून पुसते आहे. दिवसातून आठ-दहा वेळा पुसला गेल्यानं कठड्याला अशी चकाकी आली होती की लोक त्याचे फोटो काढत.

आठ महिन्यांपूर्वी नवे व्यवस्थापक आले. तिशीतले, नीटनेटके, खिशात नेहमी वही. त्यांनी आल्या आल्या पाहुण्यांच्या अभिप्रायांचं जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं. आजवर हे कुणी केलं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत जवळपास प्रत्येक पानावर त्यांना जिन्यावरच्या त्या बाई सापडल्या. कुणी लिहिलं होतं की त्यांच्यामुळे हरणं दिसली. कुणी लिहिलं होतं की त्या प्रत्येक पायरीवर किती आपुलकीनं थांबतात.

साहेब हरखले. हंगाम संपत आला असताना एका दुपारी त्यांनी मावशींना बोलावलं आणि सांगितलं की हे सगळं एका कार्डावर छापून प्रत्येक पाहुण्याच्या हाती द्यायचं आहे. तुम्ही पुढे चला, मी लिहून घेतो.

मावशी पुढे चालल्या. साहेब लिहून घेत मागून आले. वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कुठल्या थांब्याला किती वेळ लागतो ते मोजायला हवं, म्हणून दोघं खाली आले आणि पुन्हा वर गेले. मग घड्याळ चुकून बंद राहिलं होतं, म्हणून तिसऱ्यांदा. मग एखादा पाहुणा हळू चालणारा असेल तर, म्हणून चौथ्यांदा. साहेबांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. तरुण माणसाला जिना हा दोन मजल्यांच्या मध्ये असतो एवढंच ठाऊक असतं.

चौथ्या खेपेला विसाव्या पायरीवर मावशींचा उजवा पाय उचललाच जाईना. इथे थांबायचा रिवाज नव्हता आणि तोंडाशी काही तयारही नव्हतं. समोर लाकडात एक गाठ होती. तिच्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही गाठ बघा. कुत्र्याच्या कानासारखी आहे."

साहेबांनी निरखून पाहिलं. "खरंच की," असं म्हणून त्यांनी तेही टिपून घेतलं.

त्या संध्याकाळी मावशी पाय गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून बसल्या. नवऱ्यानं घमेल्यातल्या पाण्याच्या आवाजावरून ओळखलं आणि विचारलं की आज किती खेपा झाल्या. त्यांनी सांगितलं. तो म्हणाला की कुत्र्याचा कान छापणार असतील तर शेपूटही बघून ठेव, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. मावशींना हसू आलं, पण हसायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

कार्ड छापून आलं ते मात्र सुरेख होतं. जाड कागद, वर जिन्याचं रेखाचित्र, नवव्या, सतराव्या, विसाव्या आणि तेविसाव्या पायरीवर लाल ठिपके. साहेबांनी कौतुकानं ते मावशींच्या हातात दिलं आणि म्हणाले की आता प्रत्येकाबरोबर तुम्ही वर जायची गरजच उरणार नाही, पाहुणे कार्ड घेऊन आपापले जातील. मुख्य कार्यालयालाही ते हे कळवणार होते.

मावशी 'बरं' म्हणाल्या. पण मनात उजेड पडला होता. एकतीस वर्षांचं सगळं सांगणं त्यांनी आपल्या तोंडानं सांगून लिहवून दिलं होतं. उद्या वरून कुणी विचारलं की मग ही बाई कशाला, तर उत्तर त्या कार्डावरच होतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही आधीच दुखऱ्या पायावर. त्यातच साहेबांच्या टेबलावर फॉर्मची चळत येऊन पडलेली त्यांनी पुसताना पाहिली. त्यांचा फॉर्म वरून तिसरा होता.

त्याच आठवड्यात एक आजीबाई एकट्याच राहायला आल्या. हातात काठी, पाठ ताठ. चाळीस वर्षं रुग्णालयात, हाडांच्या विभागात परिचारिका म्हणून काम केलेल्या. साहेबांनी त्यांना कार्ड दिलं आणि खालची खोली रिकामी आहे असंही सुचवलं. आजीबाईंनी वरचीच हवी म्हणून सांगितलं, कार्ड घेतलं, आणि मावशींना बरोबर येऊ न देता एकट्या जिना चढून गेल्या. बराच वेळ लागला. तेवढाच वेळ लावून त्या खाली आल्या, तेव्हा मावशी साहेबांच्या टेबलाशी किल्ल्या लावत उभ्या होत्या.

आजीबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. "हे कुणी केलं?"

साहेब खूश होऊन म्हणाले की लिहून काढलं मी, पण थांबे सगळे या मावशींचे.

"तरीच. असं कार्ड मी आजवर पाहिलं नाही. आधी नऊ पायऱ्या, मग आठ, मग तीन, आणि पुन्हा तीन. चढणाऱ्याचा दम असाच संपतो. आमच्याकडे गुडघ्याचे रुग्ण जिना चढायला शिकायचे, ते नेमके असेच थांबायचे." त्यांनी चष्म्यावरून मावशींकडे पाहिलं. "वरच्या पाच तुम्ही रागानं चढता ना? मीही आत्ता तशाच चढले."

आजीबाई मनापासून कौतुक करत होत्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मावशी पाठ फिरवून उरलेल्या किल्ल्या हुकांवर लावू लागल्या. साहेबांनी कार्ड उचललं, लाल ठिपके पाहिले, मग जिन्याकडे पाहिलं, आणि मग त्या चकाकणाऱ्या कठड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. शेवटी त्यांनी आजीबाईंना चहा मागवून दिला.

दिवेलागणीच्या सुमाराला त्यांनी मावशींना बोलावलं आणि आधी बसायला सांगितलं. एकतीस वर्षांत मावशी त्या टेबलासमोर बसल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर त्या टेकल्या.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"मी त्या दिवशी तुम्हाला चार वेळा वर नेलं." साहेबांचा आवाज खाली गेला होता. "एकदा तरी सांगायचं."

"धोबीणबाईंनी सांगितलं होतं, साहेब."

ते काय प्रकरण होतं हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मावशींनी सांगितलं. फार लांबवलं नाही. नवऱ्याच्या पावलांचंही सांगितलं, अकरा, बावीस आणि सात. साहेबांनी तो फॉर्म समोर ओढला, प्रश्न वाचला, पुन्हा वाचला. मग त्यांनी एवढंच विचारलं की या दोन वर्षांत एखादा पाहुणा खोलीपर्यंत पोचवायचा राहिला का, एखादी चादर बदलायची राहिली का. मावशी नाही म्हणाल्या, आणि ते खरं होतं. साहेबांनी फॉर्म खणात ठेवला. "मला खोटं लिहिता येत नाही, मावशी," ते म्हणाले. "उद्या सकाळी बघू."

मावशी मागच्या आवारात आल्या. नवरा बाकावर बसला होता. चालीवरून त्याला कळलंच होतं, तरी त्यानं त्यांना सगळं बोलू दिलं.

"सोडून दे," तो म्हणाला. "मुलीकडे जाऊ."

"तुम्हाला तिथे जमत नाही."

"गेल्या वेळी मी मोजलंच नव्हतं. पाहुणा म्हणून गेलो होतो, पाहुणा मोजतो होय? राहायचंच म्हटलं तर मोजीन. पलंगापासून दार सहाएक असेल. मुलीच्या घरी सामान फार आहे एवढंच. ते जरा एका जागी ठेवायला सांग."

नवरा खोटं बोलायला लागला की फार तपशिलात शिरतो, हे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या रात्री दोघांपैकी कुणालाच धड झोप लागली नाही, आणि दोघांनीही झोपल्याचं सोंग नीट केलं.

सकाळी त्या कामावर गेल्या तेव्हा जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, एक खुर्ची ठेवलेली होती. जेवणघरातलीच जुनी, वेताची. आचाऱ्यानं ओरडून सांगितलं की साहेबांनी भल्या पहाटे स्वतः उचलून नेली, माझ्या टेबलाला आता पाचच खुर्च्या राहिल्यात, सहाव्यानं काय मांडीवर बसायचं?

साहेबांनी फॉर्म भरून ठेवला होता. वर पाठवण्याआधी तो मावशींना वाचायला दिला. प्रश्नापुढे लिहिलं होतं: 'होय. पूर्वीपेक्षा वेळ जास्त लागतो. काम अपुरे राहत नाही. पाहुण्यांची तक्रार नाही, उलट कौतुक आहे, ते अभिप्रायाच्या पुस्तकात पाहावे.' खाली सही. मावशींनी तो दोनदा वाचला. एक शब्दही खोटा नव्हता.

साहेबांनी समजावून सांगितलं की खुर्ची म्हणजे खिळा नाही, तिला परवानगी लागत नाही. कार्ड पाहुण्यांना मिळेल, पण ज्यांना सोबत हवी त्यांच्याबरोबर मावशीच जातील. ज्यांना नको ते आपले चढतील. मुख्य कार्यालयाला तसंच कळवलं होतं. वरून काय उत्तर येईल ते सांगता येत नव्हतं, पण फॉर्मवर 'होय' असताना कुणाला काढल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

मावशींनी आभार मानले. बाहेर आल्यावर आनंद व्हायला हवा होता, आणि तो असेलही कुठेतरी खाली. पण जिन्याकडे पाहिल्यावर त्यांना आधी आकडाच दिसला. सोळा महिने. रोज निदान सहा खेपा. एवढी धडपड करून त्यांनी काय मिळवलं, तर हा जिना.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं आधी खोल श्वास सोडला, आणि मग अगदी तेच बोलून दाखवलं. "म्हणजे साहेबांनी तुला जिनाच बक्षीस दिला की." पण बोलता बोलता तो उठून नळाकडे निघाला होता, काही काम नसताना, अकरा पावलं, हात मोकळे सोडून. मावशी त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

काठीवाल्या आजीबाईंची गाडी दुपारची होती. मावशी त्यांना आणायला वर गेल्या. या वेळी वाटेत खुर्चीवर एकदा बसल्या, त्यामुळे तेविसाव्या पायरीपर्यंत कळ आली नाही. उतरताना सवयीनं त्या जिन्याकडे तोंड करून वळल्या आणि फडकं काढलं, तशी आजीबाईंनी त्यांचा दंड धरला.

"असं नाही. सरळ उतरा. उतरताना दुखरा पाय आधी खाली, चांगला मागून. चढताना चांगला आधी. कुणी सांगितलं नाही वाटतं?"

"माझे दोन्ही दुखरे आहेत."

"त्यातल्या त्यात उजवा जास्त. कालच पाहिलं मी."

दोघी सरळ उतरायला लागल्या. एकीच्या हातात काठी, दुसरीच्या कठडा. उजवा पाय खाली, मग डावा. गुडघा दुखलाच, पण कालच्यापेक्षा थोडा कमी. विसाव्या पायरीवर आजीबाई थांबल्या, त्या लाकडातल्या गाठीवर काठीचं टोक टेकवून म्हणाल्या की हा कुत्र्याचा कान काही त्यांना दिसत नाही, त्यांना तर वाटाणा दिसतो.

मावशींनीही नीट पाहिलं. त्यांना काहीच दिसलं नाही, नुसती गाठ. पण तेवढ्या थांब्यात पायांची कळ ओसरली होती. खाली फाटकाशी गाडी वाजली, नवे पाहुणे आले होते. सात जण, आणि सगळ्यांच्या खोल्या वरच्या मजल्यावर. मावशींनी फडकं कमरेला खोचलं आणि उजवा पाय खालच्या पायरीवर ठेवला.